कोपऱ्यातलं काळं

मंगळवार, रात्र

पलंगावर चार लेन्स मांडून ठेवल्यात आणि पाठीवरची पिशवी एकच. गुरुवारी रात्री ठाण्याहून कोकणकन्या. खांद्याचं जे काही चाललंय ते बघता या खेपेला कॅमेऱ्यासकट दोन किलोच्या वर न्यायचं नाही, असं ठरवलंय. परतीला आंबे असतात, आणि दादा आंबे देताना कुणाच्या खांद्याकडे बघत नाही.

हिशोब म्हटला तर सोपा. लेन्सच्या नावातले आकडे मिलिमीटरचे: लहान तेवढं रुंद मावतं, मोठा तेवढं लांबचं जवळ येतं. बॉडी बॅटरीसकट पाऊण किलो. सत्तर-तीनशे जवळपास तेवढीच, ७४५ ग्रॅम. टोकिनाची अकरा-सोळा ५६० ग्रॅम. एवढ्यातच दोन किलो संपले. पस्तीसची प्राइम, म्हणजे झूम नसलेली, २०० ग्रॅमची, तिला नाही म्हणायचं कारण नाही, पण ती न्यायचीच असेल तर दोन मोठ्यांपैकी एक घरी राहणार. कॅमेऱ्याबरोबर आलेली किटची अठरा-पंचावन्न मी उगीचच काढून ठेवलीय. ती दर वेळी बाहेर येते आणि दर वेळी कपाटात परत जाते.

सत्तर-तीनशेच्या बाजूने मिठमुंबरीच्या किनाऱ्यावरची सुरूची झाडं. तिथे समुद्री गरुड बसतो, आणि आमच्या क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरवर तीनशेचे साडेचारशे होतात, म्हणजे वाळूत उभं राहून त्याचा डोळा मिळतो. मात्र मे महिन्यात हे सगळं सकाळी आठ-साडेआठपर्यंतच. वाळू तापली की तिच्यावरची हवा थरथरायला लागते आणि मग कितीही चांगली लेन्स लावा, पिसं पुसट येतात. ट्रायपॉड लावूनही काही होत नाही, कारण हलत असते ती हवा. टोकिनाच्या बाजूने कुडोपी. दादाचा मेहुणा बाईकवरून नेतो म्हणालाय. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कुडोपीही आहे, आणि सिंधुदुर्गात माहेर असून मी ती अजून पाहिलेली नाहीत. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, आडवी कोरलेली चित्रं. उभ्या माणसाच्या उंचीवरून अख्खं चित्र चौकटीत बसवायचं तर अकराच हवी. तीही ऊन तिरपं असताना, नाहीतर खोदलेल्या रेषा दुपारी दिसतच नाहीत, नुसता लाल-काळा दगड दिसतो.

म्हणजे दोन्हीकडे सकाळच हवी. सकाळ तर एकच, रविवारची. शुक्रवारची प्रवासात जाते. शनिवारी काही काढायचं नाही.

असं अडलं की मी जुने फोटो काढून बसते. कुठल्या लेन्सने किती काढले ते सॉफ्टवेअर सांगतं, आपण न वापरलेलं वजन कुठलं ते कळतं. मागच्या मेचं फोल्डर उघडलं. सगळा ढीग तीनशेवर. अकरा-सोळाचे थोडे, तेही देवगडच्या किल्ल्यावरून आभाळाचे. पस्तीस जवळजवळ नाहीच. आणि मध्येच, सत्तरवर काढलेले, पडवीतले, पिकत घातलेल्या आंब्यांच्या आढीजवळचे ते फोटो.

नेमका तेव्हाच वहिनीचा मेसेज आला. हा योगायोग मला आवडलेला नाही.

वहिनी लिहिते: ताई, फ्रेमच्या कोपऱ्यातला ता काळा पुसान घेव काय? जामसंड्याचो फोटोवालो म्हणता दोन मिनिटांचा काम. शनिवारच्या आत देतलो.

कोपऱ्यातलं काळं म्हणजे मी.

म्हणजे माझ्या सत्तर-तीनशेचा हूड, ऊन अडवायला लेन्सच्या तोंडावर बसवतात ती काळी नळी. आई आढी परतत बसली होती, पेंढ्यातून एकेक आंबा काढून हुंगत होती, आणि मी समोर भिंतीला टेकून बसले होते. ही लेन्स दीड मीटरच्या आत फोकस करत नाही. आई दीड मीटरच्या आत होती. मी मागे सरकत होते, पण मागे भिंत. म्हणून मी पुढचं सोडून दिलं आणि जे पल्ल्यात येत होतं ते काढत राहिले. तिच्या पलीकडची पेटी. ती मागे वळली तेव्हा तिचा कान, कानातली कुडी. हात लांब केला तेव्हा हात, नखांत चीक. त्या वेळी वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली, दारात उभी राहिली, फोन काढला आणि एकच क्लिक. काय म्हणाली ते आठवत नाही, पण आई हसली. वहिनीच्या फोनमध्ये सगळं मावलं. आई, आढी, दाराचा उजेड, भिंतीवरचं कॅलेंडर, आणि डाव्या कोपऱ्यात माझ्या लेन्सचं काळं तोंड. फोनची मुख्य लेन्स मोठ्या, पूर्ण फ्रेमच्या सेन्सरच्या हिशोबात चोवीस-सव्वीसची असते, त्यामुळे मावायलाच हवं होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

तोच फोटो बारा बाय अठरा करून भिंतीवर लागला.

मी हे वर्षभर कुणाला बोलले नाही आणि इथेही बोलणार नव्हते, पण आता बोलते: मला तो फोटो टोचतो. आधी मी तांत्रिक कारणं काढली. एवढा मोठा केल्यावर केस वेगळे दिसत नाहीत, पांढरा पुसट पट्टा दिसतो. पातळाच्या काठावर फोनने स्वतःच्या मनाने नक्षी गुळगुळीत केलीय. दाराकडचा उजेड जळालाय. सगळं खरं आहे. माझ्या फोटोत त्या कुडीतला एकेक मोती मोजता येतो, हेही खरं आहे. पण भिंतीवर कान लावत नाहीत.

आणि आता तर तो कोपराही पुसायचाय. एवढी वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात, गणपतीत, कुणाच्या घरभरणीला, कॅमेरा माझ्या डोळ्याला. म्हणून कुठल्याच फोटोत मी नाही. अल्बम चाळणाऱ्याला वाटावं, या घरात मुलगी नव्हतीच. एका फोटोत आहे, आईबरोबर आहे, तर तिथेही हूड म्हणून, आणि तो काढून टाकला की फोटो छान होणार. दोन मिनिटांचं काम. वहिनीचं चूक काय? तिला फ्रेम स्वच्छ हवी. मी तिच्या जागी असते तर विचारलंही नसतं.

हे लिहून मी स्वयंपाकघरात जाऊन कोकम सरबत केलं, प्यायले, आणि परत येऊन वरचा परिच्छेद वाचला. फार झालं. घरात मुलगी नव्हतीच म्हणे. त्या अल्बममध्ये माझं अख्खं लग्न आहे.

खरं म्हणजे त्या हुडावरून गेल्या वर्षात काय काय ऐकलंय. शेजारच्या काकींना तो चहाचा डबा वाटला. भटजींना तांब्या वाटला आणि त्यांनी तो तिथे का, याचं कारणही सांगितलं. दादाच्या मुलीच्या मैत्रिणीला सीसीटीव्ही वाटला. मी दर वेळी सांगितलं नाही. सांगून काय, तो हूड आहे, मग हूड म्हणजे काय, मग त्यामागे कोण. शेवटी मीच एकदा कुणाला तरी हो, डबाच आहे, म्हणून मोकळी झाले.

पण पुसायचं म्हणजे काय करणार तो जामसंड्याचा माणूस? हल्लीचं सॉफ्टवेअर शेजारची भिंत बघून तिथे भिंत रचतं. म्हणजे मी होते तिथे चुना येईल, आणि तो चुना कुणी कधी लावलेला नसेल. बरं, सत्तर-तीनशे दिसली नाही तर आई कुणाकडे पाठ करून हसतेय हा प्रश्नच उरत नाही. ती दाराकडे हसली. माझ्याकडे नाही. हे फोटोत आहे, तसं आहे. पुसलं तरी तसंच राहणार.

मी "राहू दे" टाइप केलं. पाठवलं नाही. "पुस गं, बरं दिसेल" टाइप केलं. तेही नाही. निळ्या टिक्स गेल्यात, तिला कळलंय की मी वाचलं.

मग पुन्हा लेन्स. पस्तीस तीस सेंटिमीटरवरही फोकस करते. क्रॉपवर साधारण बावन्नची होते, डोळ्याला जवळची वाटते, एक पॉइंट आठपर्यंत उघडते म्हणून पडवीतल्या कमी उजेडातही भागतं. बदलायची गरज पडत नाही, म्हणजे वाळूत लेन्स उघडून सेन्सरवर मीठ-माती घेण्याचा प्रश्न नाही. सगळे गुण आहेत. आता तीस सेंटिमीटरवर कोण बसणार आहे, ते जाऊ दे.

एसीच्या डब्यातून कणकवलीला उतरलं की काचेवर वाफ धरते, म्हणून कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद ठेवायचा आणि नांदगाव तिठ्याच्या पुढे जाईपर्यंत उघडायचा नाही. हे फक्त स्वतःसाठी लिहून ठेवतेय, कारण एसटीत खिडकी मिळाली की हात शिवशिवतात.

साडेनऊला दादाचा फोन. मला वाटलं वहिनीने लावायला सांगितला. पण नाही.

"येताना फुटवाल घेवन ये. पितळेचो. हयसर गावता तो टिकणा नाय."

विहिरीचा पंप पाणी धरत नाही. शनिवारी माणसं येणार, पाणी हवं. मी म्हटलं, पितळी फूटव्हॉल्व किती जड असतो माहितीये का? तो म्हणाला, किती असात, किलोभर. किलोभर. कॅमेरा आणि किलोभर धरले की अडीचशे ग्रॅम उरतात.

मी हो म्हटलं. आणि ठेवायच्या आधी म्हटलं, वहिनीला सांग, ते कोपऱ्यातलं पुसू नको.

"कोपऱ्यातला काय?"

"आईच्या फोटोतलं काळं. लेन्स आहे ती माझी."

थोडा वेळ काही नाही. मग म्हणतो, "अगो, तो पंख्याचो रेग्युलेटर मां?"

वर्षभर त्या फोटोखाली बसून जेवतोय हा माणूस.

मी इतकी हसले की त्याला काही कळेना. तो म्हणाला, मग ऱ्हवांदे, आणि लगेच परत व्हॉल्ववर आला: गॅस्केट वेगळं मागून घे, दुकानदार विसरतात.

तर पस्तीस. सत्तर-तीनशे आणि टोकिना डब्यात परत. सिलिका जेल गुलाबी पडलंय, तव्यावर मंद आचेवर निळं करून घ्यायला हवं, नाहीतर पावसाळ्यात काचेला बुरशी. कुडोपीला पस्तीसने काय दिसेल? कोरलेल्या माणसाचा एक पाय दिसेल. गरुड ठिपका दिसेल. मेहुण्याला मात्र सांगावं लागेल की येते, पण फोटो तुझ्या फोनवर काढू.

व्हॉल्व दीड इंची की दोन इंची ते विचारायचं राहिलं. आता झोपला असेल. सकाळी दुकान उघडायच्या आत फोन करायचा.