तुम्ही विचारलंत म्हणून: ‘सरळ चिलखत लिहा की!’

इंग्रजीतली ऐतिहासिक नाटकं आणि कादंबऱ्या मी मराठीत आणते. वाचक भेटले की कुणीतरी विचारतंच, ‘आर्मर म्हणजे चिलखत. शब्द आपल्याकडे आहे. मग एका पानासाठी तुमचा आठवडा का जातो?’ उभ्या उभ्या दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर चुटपुट लागते. म्हणून आज नीट सांगते.

चिलखत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अंगरख्याच्या आत घातलेला कड्यांचा सदरा येतो. अफझलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी घातला होता, तो. या कड्यांच्या विणीला इंग्रजीत ‘मेल’ म्हणतात. टपालाच्या मेलशी त्याचं काही नातं नाही. टपालाचा मेल पिशवीवरून आला, आणि हा जाळ्याच्या भोकावरून. एकेक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवायची आणि तिची टोकं रिव्हेट ठोकून जोडायची. इथे चिलखत चपखल बसतं आणि मी तेच लिहिते. ‘चेन मेल’ हे बऱ्याच नंतरच्या काळातलं जोडनाव, घालणारे नुसतं मेलच म्हणायचे. शाळकरी मुलं गेममधलं ‘प्लेट मेल’ घेऊन येतात. त्यांना मी सांगते, पत्रा तो पत्रा, जाळी ती जाळी.

अडतं ते 15व्या शतकात. तोवर इंग्लंडातला सरदार डोक्यापासून पायापर्यंत पोलादी पत्र्यांत गेलेला असतो आणि प्रत्येक पत्र्याला स्वतःचं नाव असतं. बहुतेक नावं फ्रेंचमधून आलेली आणि त्यांच्या पोटात अवयव लपलेला. गॉर्जेटमध्ये घसा, क्विसमध्ये मांडी, व्हॅम्ब्रेसमध्ये कोपराच्या पुढचा हात. या सगळ्याला एकच ‘चिलखत’ लिहिलं, तर ‘त्याने चिलखताखाली चिलखत बांधून त्यावर चिलखत चढवलं’ असं वाक्य होतं. पूर्वी मी कंठत्राण, जानुत्राण असे शब्द घडवायचे. व्याकरणात चूक नाही, पण पहाटे थंडीत धन्याला कपडे चढवणाऱ्या पोराच्या तोंडी ते शोभत नाहीत. मग एके दिवशी लक्षात आलं की गुडघ्यावरच्या गोल पत्र्याला, ज्याला इंग्रजीत पोलेन म्हणतात, मराठी माणूस वाटीच म्हणेल. गुडघ्याला वाटी आहेच. तेव्हापासून माझ्याकडे गुडघ्याची वाटी, कोपराची वाटी आणि मांडीचा पत्रा आहे. पोलादी हातमोज्याला, म्हणजे गॉन्टलेटला, मी दस्ताना म्हणते.

पत्र्याखालच्या कपड्याला एकेटॉन म्हणत. कापूस भरून उभे टाके घातलेला डगला. नाव आलंय अरबी ‘अल-कुत्न’वरून, म्हणजे कापसावरूनच. इंग्रजीतल्या कॉटनचं मूळही तेच. असा शब्द हाताला लागला की मला दिवसभर आनंद होतो.

खरी परीक्षा घेतली ती एका साध्या शब्दाने. पॉइंट. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’च्या पहिल्या भागात फॉलस्टाफ लढाईच्या थापा मारत असतो. समोरच्यांचे पॉइंट तुटले, असं तो म्हणतो. त्याच्या मनात तलवारींची टोकं. लगेच त्याचा सोबती पॉइन्स त्याचा शब्द पकडतो आणि सांगतो, मग त्यांच्या विजारी घसरल्या! मी टोकं तुटली असं लिहून ठेवलं होतं आणि विजारी का घसरल्या ते काही केल्या उलगडेना.

तेव्हा मी ओळखीच्या एका कपडेपटवाल्या काकांकडे गेले. उभं आयुष्य नाटकांचे कपडे शिवण्यात आणि सांभाळण्यात गेलेलं. त्यांना डब्लेटचं, म्हणजे त्या काळच्या अंगाबरोबर बसणाऱ्या अस्तराच्या बंडीचं, चित्र दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं. बंडीच्या खालच्या कडेला भोकांच्या जोड्या होत्या, विजारीच्या वरच्या कडेलाही तशाच, आणि त्यांतून दोऱ्या ओवून गाठी मारलेल्या. काका म्हणाले, ‘अहो ताई, हे तर सगळं बंदांवर टांगलंय.’

बंद! बाराबंदीतला बंद. पॉइंट म्हणजे ओवायला सोपं जावं म्हणून टोकाला धातूची टोपी बसवलेला बंद. तो शब्द माझ्या आजीच्या तोंडी होता आणि मी शब्दकोशात टोक शोधत बसले होते. बंद तुटले की विजार घसरणारच.

हेच बंद पुढे पत्र्यांनाही धरतात. 15व्या शतकाच्या मध्याचं एक इंग्रजी हस्तलिखित आहे, आज ते न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत असतं. पायी लढणाऱ्या माणसाला कसं सजवायचं, हे त्यात पायरीपायरीने सांगितलंय. अंगात कापडी सदरा नको, भोकं पाडलेलं, साटिनचं अस्तर लावलेलं डब्लेट हवं. गुडघ्याला पत्रा घासू नये म्हणून पातळ घोंगडीचे तुकडे गुंडाळायचे. मग सुरुवात पावलांपासून. आधी पावलांवरचे पत्रे, मग नडगीचे, मग मांडीचे, असं वर वर जात शिरस्त्राण शेवटी. हा क्रम कळल्यावर मी जुन्या भाषांतरातला एक अख्खा प्रसंग बदलला. त्यात माझा सरदार आधी डोक्यावर शिरस्त्राण चढवून मग पायांकडे वाकत होता. तसं वाकणं त्याला जड गेलं असतं, आणि मुळात वाकायचं काम त्याचं नव्हतंच. ते पोराचं.

त्याच मजकुरात बंदांविषयी दोन ओळी आहेत. बंद क्रॉसबोच्या, म्हणजे आडव्या धनुष्याच्या, दोरीला वापरतात तसल्या सुताचे असावेत आणि त्यांना चांभाराचं मेण लावावं, म्हणजे ते ताणले जात नाहीत, तुटत नाहीत. पावलांचे पत्रे मात्र बुटांना तुटतील अशाच बारीक बंदांनी बांधावेत.

या ओळी मराठीत आल्यावर मी काकांना फोनवर वाचून दाखवल्या. ते मध्येच म्हणाले, ‘मेण लावावं नाही, मेण ओढावं लिहा. दोऱ्याला मेण ओढतात.’

मी खोडून तसं लिहिलं.