आठवड्याचं इंजेक्शन

शाळेपासून मी ‘जाडी’. भात सोडला, उपास केले, पहाटे चालले. उतरलेलं वजन दरवेळी परत आलं. मग मौंजारो हे वजन कमी करायचं इंजेक्शन २०२५ च्या मार्चमध्ये भारतात आलं. डॉक्टरांनी आधी थायरॉइड, साखर तपासली, मग २.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात केली: आठवड्यातून एकदा, पोटावर. यातलं टिर्झेपेटाइड हे औषध जीएलपी-१ आणि जीआयपी या आतड्यातल्या दोन संप्रेरकांसारखं (हार्मोन्ससारखं) काम करतं, भूक कमी होते. सुरुवातीला मळमळ फार झाली. पण जेवता जेवता पुढच्या खाण्याचा जो विचार डोक्यात सतत चालायचा, तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा! सासूबाई म्हणतात, “औषधानं कसलं बारीक व्हायचं गं?” त्यांची रक्तदाबाची गोळी रोज चालते, मग माझ्या औषधाची लाज मी का बाळगू? महाग आहे, हे खरं. आता ताटातली उसळ, अंडी आधी खाते, आणि स्नायू टिकावेत म्हणून डंबेल्स उचलते.