छतातून हवा यावी, पण भोक दिसू नये

नेदरलँड्समधल्या घराचा व्हिडिओ पुण्याला पाठवला की नातेवाईक दोन गोष्टी हमखास विचारतात. छताला पंखा का नाही, आणि ती पांढरी गोल झाकणं कसली? पंख्याचं उत्तर सोपं आहे. झाकणांवर मात्र मी आता तासभर बोलू शकते. आइंडहोवनमधल्या आमच्या १९३०च्या दशकातल्या घराचं काम काढलं, तेव्हा फरशीपेक्षा जास्त वाद या झाकणांवर झाले.

आधी ती लागतात कशाला ते सांगते. भिंतींना इन्सुलेशन, तिहेरी काचेच्या खिडक्या, सगळ्या फटी बुजवलेल्या, असं घर उबदार राहतं. पण आपला श्वास, आंघोळ, स्वयंपाक आणि घरातच वाळणारे कपडे यांची वाफ आतच कोंडते. मग कपाटामागे काळी बुरशी धरते. पुण्यात खिडकी किलकिली ठेवून भागतं. इथं जानेवारीत ते केलं तर गॅसच्या बिलाकडे बघवत नाही. म्हणून माळ्यावर एक यंत्र बसवतात. इथले लोक त्याला ‘वेटेवे’ (WTW, म्हणजे ऊब परत मिळवणारं यंत्र) म्हणतात. त्यात दोन पंखे आणि मधे उष्णता अदलाबदल करणारा ठोकळा असतो. घरातली वापरलेली हवा बाहेर जाताना आपली ऊब येणाऱ्या ताज्या हवेला देते आणि दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहीत. बाहेर ० अंश आणि घरात २० अंश असताना यंत्र ८५ टक्के ऊब परत मिळवत असेल, तर खोलीत येणारी हवा १७ अंशांची असते.

यंत्रापासून छतातून खोल्यांपर्यंत नळ्या जातात आणि ती पांढरी झाकणं म्हणजे या नळ्यांची तोंडं. ताजी हवा बेडरूम आणि हॉलमध्ये सोडायची, वापरलेली स्वयंपाकघर, बाथरूम आणि संडासातून ओढायची. मधल्या दारांखाली साधारण दोन सेंटिमीटर फट ठेवायची, म्हणजे हवेला वाट मिळते. नव्या घरांसाठी आकडे नियमानेच ठरलेले आहेत : स्वयंपाकघरातून सेकंदाला २१ लिटर, बाथरूममधून १४, संडासातून ७. बेडरूमला दर चौरस मीटरमागे सेकंदाला ०.९ लिटर. म्हणजे १२ चौरस मीटरच्या खोलीत तासाला साधारण ३९ घनमीटर हवा यायला हवी. जुन्या घराला हे आकडे तसेच्या तसे लागू होत नसले तरी आम्ही हिशोब त्यांवरच मांडला.

आता ती झाकणं. सर्रास दिसतं ते १२५ मिलिमीटरचं, मधे उलटी बशी असलेलं पांढरं प्लास्टिकचं. दहा-पंधरा युरोंत येतं, हवा मुकाट्याने सोडतं आणि छतावर फोडासारखं दिसतं. नवऱ्याचं म्हणणं, “अगं, एवढं छत नव्याने करतोय, तर ते कोरं करकरीत दिसायला हवं.” मग दुकानं पालथी घातली. एक प्रकार चौकोनी पट्टीचा : मधला तुकडा छताच्या पातळीत, आणि हवा कडेच्या बारीक फटीतून. दुसरा जिप्समचा : तो बोर्डातच बसवून वरून प्लास्टर ओढायचं आणि छताचाच रंग द्यायचा. हा खरोखर दिसेनासा होतो. किंमत साध्याच्या कितीतरी पट. शिवाय निर्णय प्लास्टरवाल्याच्या आधी घ्यावा लागतो. नंतर सुचलं तर छत फोडा.

दुकानात दिसतं ते रूप. रात्री दोन वाजता कळतो तो आवाज. आठ सेंटिमीटरच्या नळीतून साडेबारा सेंटिमीटरच्या नळीइतकीच हवा ढकलली तर तिचा वेग जवळजवळ अडीच पट होतो आणि ती सूं सूं करायला लागते. फट जितकी नाजूक, तितकी शिट्टीची भीती जास्त. म्हणून नुसता फोटो बघून देखणी फट घेऊ नये. तासाला ४० घनमीटर हवेला किती डेसिबल आणि किती दाब खर्ची पडतो, याचा आलेख मागावा. विक्रेत्याकडे तो नसेल तर दुसरं दुकान गाठावं. नव्या घरात बेडरूमला ३० डेसिबलची मर्यादा आहे आणि झोपमोड व्हायला त्याहून जास्त लागत नाही. यंत्र आणि खोल्या यांच्यामध्ये सायलेन्सर, म्हणजे आवाज शोषणारा नळीचा तुकडा, तर हवाच.

दुसरी गंमत हवेच्या चिकटण्याची. छताला लगटून सोडलेली हवा काही अंतर छताला धरूनच पुढे सरकते आणि हळूहळू खोलीत मिसळते. रुमानियन अभियंता आंरी क्वांडा याच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. त्यामुळे सतरा अंशांची हवा थेट डोक्यावर कोसळत नाही. छताच्या पातळीत बसणारी तोंडं यात चांगली पडतात. पण जवळ तुळई किंवा खाली लोंबणारा दिवा असेल तर हवा तिथे आपटून खाली येते. उशीच्या वर तोंड नकोच. दारापासून लांब असलं की हवा सगळी खोली ओलांडून जाते.

आमच्या घरात मात्र शेवटचा शब्द लाकडी तुळयांचा होता. नळ्या तुळयांच्या मधूनच जाणार, तेव्हा तोंडाची जागा दोन तुळयांच्या मधेच. मग दिवेच त्या रेषेत सरकवले. हे मला फार पटलं. वेड्यावाकड्या जागी असलेलं महागडं तोंड डोळ्याला खुपतं, आणि दिव्यांच्या ओळीत बसलेलं साधंसुद्धा खपून जातं.

जिप्समच्या तोंडाची एक कटकट दुकानदार आपणहून सांगत नाही. बाहेर पडणारी हवा खोलीतली धूळ आणि काजळी सोबत ओढते आणि ती तोंडाभोवती छताला चिकटते. डच लोक हिवाळाभर मेणबत्त्या लावतात, आपण समई आणि उदबत्ती. प्लास्टिकची कड ओल्या फडक्याने पुसता येते. इथे थेट छतच काळवंडतं. म्हणून हॉलचं तोंड देवघरापासून लांब घेतलं आणि छताला पुसता येईल असा रंग मारला. मधला भाग लोहचुंबकाने निघणारा असायला हवा, नाहीतर नळ्या साफ कशा करणार?

स्वयंपाकघरात लपवालपवी केलीच नाही. शेगडीवरची मोटरवाली चिमणी या नळ्यांना जोडायची नसते. यंत्राचा तोल बिघडतो आणि तेलकट थर आतल्या ठोकळ्यापर्यंत जातो. आमची चिमणी कोळशाच्या फिल्टरमधून हवा गाळून घरातच सोडते. छतातलं तोंड शेगडीपासून लांब आहे आणि त्याला धुता येणारी जाळी आहे. एवढं करूनही लाल मिरचीची फोडणी पडली की वरच्या बेडरूममध्ये खोकला ऐकू येतोच. यंत्राचा त्यात दोष नाही, ठसका जिन्याने चढतो.

तेव्हा बेडरूम आणि हॉलला जिप्समची, स्वयंपाकघर, बाथरूम आणि संडासाला साधी, असं ठरलं. साध्या तोंडाची बशी फिरवून हवा कमी-जास्त होते. जोडणारा माणूस नरसाळ्यासारखं मीटर लावून प्रत्येक खोली मोजतो आणि मागचं नट आवळतो. धुवायला काढाल तेव्हा कुठलं कुठलं ते आतून पेन्सिलीने लिहून ठेवा. अदलाबदल झाली की सगळी मोजमापं पाण्यात.

पुण्याच्या मावसभावाने विचारलं, आमच्याकडे बसेल का? त्याचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो, ताजी हवा आत आणत नाही. त्यामुळे बंद बेडरूममध्ये सकाळी कोंदट वाटतं, हे त्याचं निरीक्षण बरोबर आहे. पण सगळ्या घराच्या नळ्या टाकायच्या तर फॉल्स सीलिंग आलं. त्यापेक्षा एका खोलीपुरतं, भिंतीतून बसणारं छोटं यंत्र त्याला परवडेल. बाहेर रस्त्याचं काम चालू असल्याने फिल्टर मात्र वरचेवर बदलावे लागतील. आणि भोक पाडायचं ते विटांच्या भिंतीला. कंत्राटदार कितीही म्हणाला तरी बीमला हात लावू द्यायचा नाही.