बैलघोड्याला नेलंस का?

एस्टिमेटचा कागद मी चारदा वाचला. ऑपरेशन, भूल, दोन दिवस आयसीयू, औषधं, आणि रक्त चढवावं लागलं तर त्याचे वेगळे. खाली बेरीज 58,000. त्यातले 30,000 आत्ता भरले की लगेच आत घेतो, असं काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. नीट, शांतपणे सांगितलं. महिन्याची 19 तारीख होती. सोनोग्राफी आणि रक्ततपासणीचे 4,300 तासापूर्वीच दिले होते, खात्यात 7,200 उरले होते. 30,000 म्हणजे माझा दीड महिन्याचा पगार.

आमची कुत्री बिट्टी फरशीवर पोट टेकून बसली होती. एरवी दवाखान्याच्या दारातूनच मागे खेचणारी ती त्या रात्री माझ्या चपलेवर हनुवटी ठेवून नुसती धापा टाकत होती.

ती नऊ वर्षांची. काळाचौकीत आमच्या बिल्डिंगच्या मीटरबॉक्सखाली भर पावसात सापडली, तेव्हा माझ्या दोन्ही तळव्यांत मावली होती. तिची नसबंदी मी केली नाही. एकटी कुठे जाते ती, कशाला उगाच कापाकापी, असं माझे वडील, अण्णा, म्हणायचे आणि मलाही ते पटायचं. आज कोणी मला हे वाक्य ऐकवलं तर मी त्यांना हात धरून खाली बसवते आणि पुढचं सगळं सांगते.

पाच आठवड्यांपूर्वी ती हीटवर येऊन गेली होती. त्यानंतर काही दिवसांनी ती पाणी पाणी करायला लागली. भांडं रिकामं झालं की मोरीतल्या बादलीत तोंड घालायची. रात्रीतून दोनदा तिला खाली न्यावं लागायचं. मग खाणं सुटलं. अण्णांनी चहात बुडवलेला पाव पुढे केला की ती झोपेतूनही उठायची, त्यालाही तिने तोंड फिरवलं. पोट मात्र फुगलेलं दिसत होतं. सोनोग्राफीत कळलं, गर्भाशयात पू झालाय. पायोमेट्रा म्हणतात त्याला. माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी, शरीरातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे गर्भाशयाचं अस्तर जाड झालेलं असतं आणि त्यात जंतू वाढतात. पू बाहेर येत असेल तर निदान आपल्याला दिसतं तरी. बिट्टीचं गर्भाशयाचं तोंड बंद होतं, सगळं आतच साठत होतं. हे फुटलं किंवा विष रक्तात पसरलं तर कुत्री वाचत नाही. यावर खात्रीचा उपाय एकच, गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकणं. आणि हा सगळा आजार नसबंदी केलेल्या कुत्रीला सहसा होतच नाही.

पण मला नसबंदीपेक्षाही जास्त सलतात ते तीन दिवस. सोमवारी रात्री तिने खाणं सोडलं. मी तिला गुरुवारी संध्याकाळी नेलं. मधले तीन दिवस मी काय करत होते? फोनवर वाचत होते, दहीभात करून बघत होते, आणि मनातल्या मनात बिलाची बेरीज करत होते. दवाखान्यात पाऊल टाकलं की पाच हजार जाणार, पगाराला अजून बारा दिवस आहेत, तोवर सुधारेलच, असं. सोमवारी अण्णा तिला अर्धी क्रोसिन द्यायला निघाले होते, ती मी हातातून काढून घेतली. तेवढंच एक शहाणपण माझ्या हातून झालं. माणसांची क्रोसिन किंवा ब्रुफेन जनावराला मनाने कधीही देऊ नका. ब्रुफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांजराचा तर क्रोसिनच्या एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

त्या रात्री काउंटरवर मी काय केलं? कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाले, “घरी विचारून सांगते.” घरी विचारायला होतं कोण? पंचाहत्तर वर्षांचे अण्णा. माझ्याकडे एवढे पैसे नाहीत, हे चार शब्द मला उच्चारता आले नाहीत. आजूबाजूला लोक बसले होते, एकाच्या मांडीवर पांढरंशुभ्र झिपरं कुत्रं होतं. मला वाटलं, मी हे बोलले तर ते म्हणतील, परवडत नाही तर पाळायचं कशाला. कोणी तसं म्हटलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं, सलाइन दिलं आणि बजावलं, उद्या सकाळपलीकडे थांबू नका. त्यांच्यावर माझा राग नाही. मशिनं, भाडं, रात्रपाळीचा स्टाफ, सगळं पैशावरच चालतं. पण कमी खर्चात हे कुठे होईल, एवढं एक वाक्य तिथून आलं असतं तर माझी ती रात्र वेगळी गेली असती. आणि मीही ते विचारलं नाही, हेही तितकंच खरं.

घरी आले. अण्णा जागेच होते. मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, आकडा बघितला, कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, “बैलघोड्याला नेलंस का?”

परळ-लालबागच्या जुन्या माणसांना हे नाव सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. परळला आचार्य दोंदे मार्गावर, टाटा कॅन्सर हॉस्पिटल आणि केईएम रुग्णालयाच्या शेजारात, बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल फॉर अॅनिमल्स आहे. गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून ते उभं राहिलं, साकरबाई त्यांच्या पत्नी. 1874 साली मुंबईत स्थापन झालेली प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारी संस्था, म्हणजे बॉम्बे एसपीसीए, ते चालवते. शहराचं सगळं ओझं बैल आणि घोडे ओढत होते तेव्हाचं हे हॉस्पिटल, म्हणून गिरणगावाच्या तोंडी ते बैलघोडा हॉस्पिटल. 1886 साली मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय याच परिसरात सुरू झालं. अण्णांना लहानपणी व्हिक्टोरियाचे लंगडणारे घोडे तिथे नेताना बघितल्याचं आठवतं. मी जन्मापासून या भागात राहते, त्या फाटकासमोरून हजारदा गेले असेन, आणि माझ्या डोक्यात ते नाव आलं नाही. फोनवर ‘जवळचा पेट क्लिनिक’ शोधला, काचेचं दार असलेला पहिला दवाखाना आला, तिथे गेले.

बाकीची व्यवस्था समोरच्या काकूंनी केली. आमचा आवाज ऐकून त्या आल्या, कागद वाचला, आणि मला न विचारता बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं: बिट्टीचं ऑपरेशन आहे, ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं. मी त्यांना थांबवायला गेले. त्या म्हणाल्या, “तुझ्यासाठी मागत नाहीये मी. बिट्टी काय एकट्या तुझी आहे?” सकाळी सहापर्यंत 6,850 जमले होते. मंडळाच्या पोरांचे 2,000, बेस्टमधून निवृत्त झालेल्या काकांचे 1,000, बाकी पन्नास, शंभर, दोनशे. काकूंनी शंभर पानी वहीत प्रत्येकाचं नाव आणि आकडा लिहिला. ती वही अजून आहे.

सकाळी टॅक्सीवाल्याने कुत्रं बघून नाही म्हटलं, दुसऱ्यानेही. तिसऱ्याने अण्णांकडे बघितलं आणि दार उघडलं. बिट्टीला आम्ही जुन्या चादरीत उचलून आणलं होतं.

हॉस्पिटलात रांग होती. पुढे एक माणूस शेळी घेऊन, एक बाई सुपात कबुतर घेऊन, दोन कॉलेजची मुलं अपघात झालेलं रस्त्यावरचं कुत्रं हातगाडीवर घालून. पलीकडे रस्त्यावर टाटाचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक पथारी टाकून बसलेले. आमच्या परळात दुखणं घेऊन आलेल्या माणसाला कोणी परकं म्हणत नाही, आणि फाटकाच्या आतही मला तसंच वाटलं.

या वेळी मी ठरवून गेले होते. डॉक्टर तपासायला लागल्या तेव्हाच बोलले. “मॅडम, माझ्याकडे सगळे मिळून चौदा हजार आहेत. यात आज काय करणं अत्यावश्यक आहे आणि काय थांबू शकतं, ते सांगा.” माझा आवाज थरथरला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “बरं केलंत सांगितलंत.” आदल्या रात्रीचे रिपोर्ट मी बरोबर नेले होते. सोनोग्राफी परत करावी लागली नाही, पैसे वाचले आणि वेळही. आधी सलाइन, मग दुपारी ऑपरेशन. औषधं लिहिताना त्यांनी स्वतःहून सांगितलं की हे अँटिबायोटिक माणसांचंच आहे, नेहमीच्या मेडिकलमध्ये मिळेल, जनऔषधी केंद्रात असेल तर अजून स्वस्त.

ऑपरेशन चालू असताना अण्णा बाहेरच्या बाकावर बसून होते. गिरणी 1982 च्या संपात गेली तेव्हाही या माणसाच्या डोळ्यांत पाणी मी पाहिलं नव्हतं, असं आई सांगायची. त्या दुपारी त्यांनी दोनदा चष्मा पुसला.

बिट्टी वाचली. पुढचे सहा दिवस सलाइन आणि इंजेक्शनसाठी आम्ही रोज ने-आण केली, अॅडमिट ठेवलं नाही. बाराव्या दिवशी टाके काढले. तपासण्या, ऑपरेशन, औषधं, गळ्यातलं प्लास्टिकचं नळकांडं आणि टॅक्सीची भाडी धरून परळचा एकूण खर्च 11,400 झाला. महिन्याची उरलेली तोंडमिळवणी ऑफिसातून 5,000 ची उचल घेऊन केली.

तेव्हापासून लोक मला फोन करतात. बदलापूरहून, साताऱ्याहून सुद्धा. बहुतेकांना पैशापेक्षा आधी धीर हवा असतो, आणि मी पहिलं हेच विचारते की डॉक्टरांना तुमचा आकडा सांगितलात का. दोन दिवस अॅडमिट ठेवायचं की रोज आणून सलाइन द्यायचं, सगळ्या तपासण्या आजच की आधी दोनच, यातलं बरंच डॉक्टर बदलू शकतात, पण तुमच्या खिशात किती आहे हे त्यांना दिसत नाही. एस्टिमेट लेखी घ्या. रिपोर्ट मागून घ्या, ते तुमचे आहेत.

मुंबईबाहेर असाल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथली महाविद्यालयं नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची आहेत. शिकणारी मुलं असतात म्हणून काही जण जायला बिचकतात. मी म्हणते जा, त्यांच्या मागे शिकवणारे डॉक्टर उभे असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुसंवर्धन खात्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. गावात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथे गाईगुरांची गर्दी जास्त, तरी विचारायला संकोच कसला. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं मोठं रुग्णालय 2024 पासून सुरू आहे. फुकट नाही, पण गुंतागुंतीच्या केसला तिथला रस्ता माहीत असलेला बरा. आणि ऑनलाइन पैसे गोळा करायची वेळ आली तर एस्टिमेट आणि बिलाचे फोटो टाका, शक्य असेल तर पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जाऊ द्या. देणाऱ्याच्या मनात शंका राहत नाही.

चार महिन्यांनी मी वही घेऊन 6,850 परत करायला प्रत्येक दारात गेले. दोघांनी मिळून 600 परत घेतले. त्यांच्या घरची ओढाताण मला माहीत आहे, त्यांनी घेतले याचं मला समाधान वाटलं. बाकीच्यांनी हात मागे घेतला. काकू म्हणाल्या, वहीतच राहू दे. तेव्हापासून 6,250 वहीच्या नावाने पोस्टात वेगळ्या खात्यात आहेत आणि दर महिन्याला कोणी वीस, कोणी पन्नास त्यात घालतं.

वहीच्या दुसऱ्या पानावर काकूंच्या अक्षरात गेल्या महिन्याची नोंद आहे: तळमजल्यावरचा बोका, लघवी तुंबली, सकाळी कळलं, दुपारी परळला नेला, 1,800.