शांतिसेनेचं शेवटचं जहाज

परभणी, 24 मार्च

1990 साली आजच्याच तारखेला श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेचं शेवटचं जहाज तिथल्या त्रिंकोमाली बंदरातून निघालं. सुमारे 1,200 जवान त्या बेटावर कामी आले होते. परतलेल्यांच्या स्वागताला मद्रासच्या बंदरावर तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. तमिळांवर बंदूक रोखणाऱ्या सैन्याचं स्वागत करणार नाही, ही त्यांची भूमिका. मला ती आजही पटत नाही. हुकूम दिल्लीचा होता, पाठ फिरवली गेली जवानांकडे.

29 जुलै 1987 ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी तिथलं यादवी युद्ध थांबवायला कोलंबोत करार केला. सैन्य गेलं ते शस्त्रं जमा करून घ्यायला, लढायला नव्हे. वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या लिट्टे या संघटनेच्या पोरांना आधी आपल्याच देशात प्रशिक्षण मिळालेलं, त्यामुळे ती आपलं ऐकतील असं दिल्लीनं गृहीत धरलं. ऑक्टोबरात ते अंगाशी आलं. 11 तारखेच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरनं तुकड्या उतरवायच्या होत्या. लिट्टेनं बिनतारी संदेश आधीच पकडले होते. मारा इतका झाला की पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या, आणि 13 शीख लाइट इन्फंट्रीचे 30 जण खाली एकटे पडले. 29 गेले, एक कैद झाला. थोड्या दिवसांत पडेल म्हटलेल्या जाफन्याला दोन आठवडे लागले. पुढे जंगलातली लढाई, सुरुंग, आणि कधी परतायचं ते कुणी ठरवलेलंच नाही. 1989 मध्ये तर श्रीलंकेचे नवे अध्यक्ष प्रेमदासांनी लिट्टेशीच बोलणी धरली आणि आपल्याला निघा म्हणून सांगितलं.

एवढं होऊन त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत काय दिसतं? ज्या तमिळनाडूत या युद्धाची झळ सगळ्यात जवळून लागली, तिथे काँग्रेस आणि अण्णा द्रमुकच्या युतीनं 39 पैकी 38 जागा घेतल्या. देशात मात्र काँग्रेस चारशेच्या वरून 197 वर आली. आपल्याकडे मराठवाड्यात बोफोर्स तोफांचं प्रकरण गाजत होतं, शिवसेना गावोगाव पोचत होती. केंद्रात अर्थमंत्री नांदेडचे शंकरराव चव्हाण, आणि नांदेडची जागा गेली जनता दलाच्या डॉ. व्यंकटेश काब्दे यांच्याकडे. जालना भाजपच्या पुंडलिक हरी दानवेंकडे. लातूर तेवढं शिवराज पाटलांनी राखलं. जाफन्यामुळे इथे सरकार पडलं असं म्हणणाऱ्यांनी हे निकाल एकदा पाहावेत.

का नाही पोचलं ते युद्ध इथवर? मला वाटतं, कारण साधं आहे. त्या काळी जवानाचा अंत्यसंस्कार बहुधा आघाडीजवळच होई. घरी तार यायची, मागून अस्थी. एका घराचं दुःख एका घरात राहायचं. 1999 ला कारगिलच्या वेळी पार्थिव गावी आणायला सुरुवात झाली. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी, शाळेची पोरं रांगेत, पुढारी पुढे, अख्खा तालुका गोळा. काही महिन्यांनी मतदान होतं. जाफन्यातला जवान असा कधी गावात आलाच नाही, म्हणून त्याच्याबद्दल कुणी मत मागितलं नाही आणि कुणी जाबही विचारला नाही.

त्या मोहिमेतलं एकमेव परमवीरचक्र महार रेजिमेंटच्या 8व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना, मरणोत्तर. 25 नोव्हेंबर 1987 ची रात्र, शोधमोहिमेवरून परतताना दबा धरून बसलेल्या लिट्टेनं हल्ला केला. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला टिपलं आणि शेवटपर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. ज्या रेजिमेंटमध्ये मराठवाड्याच्या कित्येक घरांनी मुलं धाडली, तिचा हा अधिकारी. त्याचं नाव आपल्या शाळांत अजून सांगितलं जात नाही.