ट्रेलर घेऊन फ्लोरिडाला: सीनियर गटाच्या गोल्फ स्पर्धेसाठी न्यू जर्सी ते फोर्ट लॉडरडेल

जानेवारीत न्यू जर्सीतली गोल्फची मैदानं गोठलेली असतात, तेव्हा फ्लोरिडात हौशी महिला गोल्फचा मोसम भरात आलेला असतो. त्यातली जोन्स-डोहर्टी ही जुनी आणि मानाची स्पर्धा. 1933 पासूनची. ती फोर्ट लॉडरडेलच्या कोरल रिज कंट्री क्लबवर होते. हे मैदान रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांनी आखलेलं आहे, आणि स्पर्धेच्या नावातल्या जोन्स म्हणजे त्यांच्या पत्नी आयोन. पन्नाशीपुढच्या बायकांसाठी तिथे वेगळा सीनियर गट असतो. आम्ही एडिसनहून राहायच्या सोयीचा ट्रेलर गाडीमागे ओढत तिथवर गेलो, साधारण 1250 मैल. पुढच्या मोसमात जायचा विचार करणाऱ्या मैत्रिणींसाठी हे लिहिते आहे.

हॉटेल स्वस्त की ट्रेलर, या वादात मी पडत नाही. ट्रेलर ओढताना गाडी जेमतेम गॅलनला दहा-अकरा मैल देते. टोल आणि साइटचं, म्हणजे ट्रेलर लावायच्या जागेचं, भाडं धरलं तर फार काही वाचत नाही. ट्रेलर हवा तो खेळासाठी. साठीच्या आसपास पाठ रोज नव्या गादीवर टाकली की तिसऱ्या दिवशी खांदे वळत नाहीत. सकाळी पावणेआठचा टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, असेल तर सहाला पोहे आणि चहा लागतो, आणि रात्री पोटाला शांत असा वरणभात. हे सगळं आपल्या हाताशी असलं की डोकं फक्त पुढच्या शॉटमध्ये राहतं. म्हणून माझा एकच नियम आहे: सरावाच्या फेरीआधी दोन रात्री ट्रेलर जागेवर लागला पाहिजे, आणि शेवटचा पट (चेंडू होलमध्ये ढकलायचा फटका) होईपर्यंत तो हलवायचा नाही. बाकी सगळं नियोजन या नियमाभोवती बेतायचं.

पहिली अडचण जागेची. जानेवारीत कॅनडा आणि उत्तरेकडची राज्यं फ्लोरिडात उतरलेली असतात. तिथल्या स्टेट पार्कांचं आरक्षण तिथल्या रहिवाशांना 11 महिने आधी उघडतं आणि आपल्यासारख्या बाहेरच्यांना 10 महिने. 2024 पासून ही पद्धत आहे. म्हणजे जानेवारीची चांगली साइट हवी असेल तर मार्चमध्येच संगणकापुढे बसायचं. स्पर्धेचा प्रवेशअर्ज तेव्हा आलेलाही नसतो. तारखांचा अंदाज मागच्या वर्षावरून बांधा आणि आयोजकांकडून खात्री झाली की मग बदल करा. दुसरं म्हणजे ही मॅच प्ले स्पर्धा आहे. आधी पात्रता फेरी आणि मग समोरासमोर सामने. पहिल्याच दिवशी हरलात की मोकळ्या, जिंकत गेलात तर शेवटपर्यंत मुक्काम. साइट मात्र अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत घ्या. उपांत्य फेरी जिंकल्यावर ‘उद्या साइट सोडायची आहे’ हे डोक्यात घेऊन टी-वर उभं राहणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

आता गाडीचं. न्यू जर्सीतून निघताना ट्रेलरच्या नळांत गुलाबी अँटिफ्रीझ (न गोठणारं द्रव) भरलेलं असतं आणि ते घाईने काढायचं नाही. बाहेर शून्याखाली असेल तर पाइप फुटतात. पहिले एक-दोन मुक्काम पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी कॅनमधून वापरायचं, आणि संडासातही फ्लशसाठी थोडं अँटिफ्रीझच ओतायचं. टाकी रिकामी ठेवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे वजन. पाणी गॅलनला आठ पौंडांहून जड असतं.

वजनाबद्दल मी आग्रही आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर, यायला हवा. गोल्फच्या बॅगा, ट्रॉली, खुर्च्या असं सगळं सामान सोयीसाठी मागच्या बाजूला कोंबलं की तो भार कमी होतो आणि मोठा ट्रक शेजारून गेला की ट्रेलर शेपूट हलवू लागतो. आम्ही बॅगा गाडीतच ठेवतो. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (गाड्यांच्या वजनकाट्यावर) एकदा सगळं भरून वजन करून घ्या. पैसे किरकोळ लागतात आणि मनाला स्वस्थता मिळते. ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची वेगमर्यादा ताशी 65 मैल असते, ती टायरवरच वाचा. हे गाडी चालवतात तेव्हा 62 वर क्रूझ लावून मागच्यांना खुशाल पुढे जाऊ देतात. मीही तेच करते.

बाल्टिमोरला नीट लक्ष द्या. आय-95 हायवेवरचा फोर्ट मॅकहेन्री बोगदा आणि शेजारचा हार्बर बोगदा, दोन्हींत 10 पौंडांपेक्षा मोठा प्रोपेनचा सिलिंडर नेता येत नाही. आपल्या ट्रेलरवर 20 किंवा 30 पौंडांचे असतात. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायच्या. तो पूल मार्च 2024 मध्ये जहाजाची धडक बसून कोसळला. आता शहराच्या आधीच आय-695 धरायचा, पश्चिमेकडून टाउसनच्या बाजूने वळसा घालायचा आणि खाली पुन्हा आय-95 ला लागायचं. फोनवरचा नकाशा तुम्हाला हमखास बोगद्यातच घालेल. हा वळसा सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मध्ये काढा.

साउथ कॅरोलायनातलं सँटी स्टेट पार्क लेक मॅरियनच्या काठावर आहे, हायवेपासून जवळ, एका रात्रीला छान. सव्हानाच्या स्किडअवे आयलंड पार्कमध्ये आम्ही पाणी सुरू केलं. आधी हवामान बघा, जानेवारीत तिथेही एखादी रात्र गोठवते. नळ एकेक करून उघडायचे, गुलाबी रंग जाऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्यायचं, आणि गीझरचा बायपास व्हॉल्व्ह फिरवून टाकी भरल्याशिवाय गीझरचा विजेचा खटका दाबायचा नाही. रिकाम्या टाकीत कॉइल काही क्षणांत जळते.

मग आम्ही सरळ लॉडरडेलला न जाता आत सेब्रिंगला वळलो, आणि या प्रवासातला सगळ्यात शहाणा निर्णय तोच होता. तिथलं हायलँड्स हॅमक पार्क 1931 मध्ये उघडलं, फ्लोरिडातल्या सगळ्यात जुन्या पार्कांपैकी. जुनी ओकची झाडं, सायप्रसच्या दलदलीवरून जाणारी अरुंद लाकडी पायवाट, खाली पाण्यात निवांत पडलेल्या मगरी. कॅम्पग्राउंडमध्ये रकून फिरतात, बाहेर टेबलावर भाकरीचा तुकडाही ठेवू नका. पण आम्ही थांबलो ते गवतासाठी. सेब्रिंगच्या परिसरात गोल्फची मैदानं भरपूर आहेत.

आपल्याकडे ईशान्येत ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, बहुतेक बेंटगवत असतं, तिकडे बर्म्युडा गवत. बर्म्युडाची पाती एका दिशेला झुकतात आणि चेंडू तिकडे ओढतात. पटच्या रेषेत पाहिलं की ग्रीन चकचकीत, फिकट दिसलं तर पाती तुमच्यापासून पलीकडे झुकलेली असतात आणि चेंडू पळतो. गडद, मंद दिसलं तर पाती तुमच्याकडे, चेंडू अडतो. खात्री हवी असेल तर होलच्या काठाकडे वाकून पाहा. एका बाजूची कड स्वच्छ कापलेली असते आणि दुसरी फाटल्यासारखी, विस्कटलेली. पाती त्या विस्कटलेल्या बाजूला झुकलेली असतात. चिप करताना, म्हणजे ग्रीनजवळून छोटा फटका मारताना, ही पाती तुमच्या दिशेने असली की वेज या तिरप्या तोंडाच्या क्लबची पुढची धार जमिनीत रुतते. हात फार पुढे न दाबता क्लबचा तळ घासत जाऊ द्यायचा, किंवा सरळ पटर काढायचा. दोन दिवस मी ड्रायव्हर या लांब फटक्याच्या क्लबला हातही लावला नाही. चिप आणि पट, एवढंच. स्पर्धेच्या मैदानावर जाऊन हे शिकायला वेळ मिळत नाही.

लॉडरडेलला आम्ही ईस्टरलिन पार्कमध्ये राहिलो. हे ब्राउअर्ड काउंटीचं पार्क आहे, शहराच्या मधोमध असून सायप्रसच्या सावलीत. जवळून रेल्वे जाते, तेव्हा कानात घालायचे बोळे जवळ ठेवा. क्लब तिथून फार लांब नाही. ट्रेलर घेऊन क्लबच्या आवारात जायचं मनातही आणू नका. खासगी क्लबांच्या पार्किंगमध्ये त्याला जागा नसते. ट्रेलर साइटवर सोडून नुसती गाडी न्या.

तुमचा ट्रेलर 30 अँपियरचा असेल तर एकूण 3600 वॉट हाताशी असतात. खोलीचा हीटर 1500, गीझर साधारण 1400, वर इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) लावला की ब्रेकर पडणार. सकाळच्या घाईत हे नको. म्हणून गीझर गॅसवर ठेवा आणि कुकर लावताना हीटर बंद करा. विजेच्या खांबाला सर्ज प्रोटेक्टर लावल्याशिवाय केबल जोडू नका. सोबत थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि गुळाची पोळी घ्या. बाराव्या-तेराव्या होलला केळ्याबरोबर अर्धी गुळाची पोळी खाल्ली की शेवटचे होल दमसास टिकतो.

पात्रता फेरीत मी बेताचीच खेळले, पण पहिला सामना सतराव्या होलवर जिंकला. माझा पाचफुटी पट पडला तेव्हा हे बॅग खाली ठेवून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या सामन्यात ओंटारिओच्या एक बाई समोर होत्या. वय माझ्यापेक्षा बरंच जास्त, ड्राइव्ह माझ्या मागे, पण पन्नास यार्डांच्या आत त्यांचं काही चुकेचना. मी हरले, आणि त्या कशा खेळतात ते पाहायला पुढचे दोन दिवस त्यांच्या सामन्यांमागे चालले. साइट शेवटपर्यंत घेतल्याचा हाही उपयोग.

यानंतर ज्यांना झेप घ्यायची असेल त्यांच्यासाठी यू.एस. सीनियर विमेन्स अमॅच्युअर आहे, 1962 पासूनची. आपल्या न्यू जर्सीच्या गोल्फमध्ये नाव कमावलेल्या कॅरोलिन क्यूडोन यांनी ती 1968 ते 1972 सलग पाच वेळा जिंकली. पात्रता फेऱ्या ठिकठिकाणी होतात, त्यामुळे तिच्यासाठी दूर जावं लागतंच असं नाही. मुख्य स्पर्धा मात्र दरवर्षी नव्या गावी, 2022 मध्ये तर अलास्कात अँकरेजला होती. हँडिकॅपची (खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याची) मर्यादा त्या वर्षीच्या अर्जात वाचा.

परतताना सव्हाना सोडण्याआधी सांडपाण्याच्या टाक्या डम्प स्टेशनवर रिकाम्या करा, गीझर थंड झाल्यावर त्याचं पाणी काढा, बायपास पुन्हा फिरवा आणि नळांत गुलाबी अँटिफ्रीझ भरून घ्या. सिंकखालच्या वाकड्या पाइपांत आणि शॉवरच्या मोरीतही कपभर ओता. दोन-तीन गॅलन पुरतात. वाटेत ते मिळतंच असं नाही, म्हणून घरून निघतानाच जादा घेऊन ठेवा. आणि बाल्टिमोरचा वळसा परतीलाही आहेच.