डेटाबेसचा वेग वाढवताना काय पणाला लावायचं: माझा अनुभव

आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसवर लिहिण्याचा भार वाढला आणि कमिट, म्हणजे बदल पक्के करण्याचं काम, रखडू लागलं. सीपीयू निवांत, मेमरी भरपूर. पण कोणतं कनेक्शन काय करतंय ते दाखवणाऱ्या पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीत बघावं तर बहुतेक कनेक्शन वॉल, म्हणजे बदलांची नोंदवही, डिस्कवर उतरण्याची वाट बघत ताटकळलेली.

पहिली सूचना आली ती एफसिंक, म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर उतरवून घेण्याची सक्ती, बंद करण्याची. मी ठाम विरोध केला. एफसिंक बंद असताना वीज गेली तर फक्त शेवटच्या नोंदींवर भागत नाही, अख्खा डेटाबेस बिघडू शकतो. तो बिघडलाय हे लगेच कळेलच असंही नाही. त्यापेक्षा सिंक्रोनस_कमिट, म्हणजे वॉल डिस्कवर उतरेपर्यंत कमिटने थांबणं, बंद करणं कितीतरी सुरक्षित. त्यात डेटा सुसंगत राहतो, फक्त अगदी शेवटचे कमिट जाऊ शकतात. वॉल ठरावीक वेळाने डिस्कवर उतरवणाऱ्या वॉल रायटरचा विलंब मुळातला 200 मिलिसेकंद ठेवला तर धोका जास्तीत जास्त त्याच्या तिप्पट, म्हणजे 600 मिलिसेकंदांचा.

शिवाय हे प्रत्येक ट्रान्झॅक्शनपुरतं, म्हणजे एकत्र पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटापुरतं, ठरवता येतं, आणि मला ही सोय फार मोलाची वाटते. वापराच्या लॉगसाठी आम्ही 'सेट लोकल' वापरून ते बंद केलं, पैशांच्या व्यवहारांना हात लावला नाही. लॉगच्या ओळीही एकेक न लिहिता गठ्ठ्याने एका कमिटमध्ये टाकल्या. रांग तिथेच ओसरली.

मग चाचणी. नुसती प्रोसेस मारून खरी परीक्षा होत नाही, कारण ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमध्ये पोहोचलेला डेटा शाबूत राहतो. म्हणून चाचणीच्या सर्व्हरची वीजच तोडली. क्लायंट दुसऱ्या मशीनवर होता. 'कमिट झालं' असं उत्तर आलेला प्रत्येक क्रमांक तो तिथे लिहून ठेवत होता. सर्व्हर उठल्यावर दोन्ही याद्या ताडल्या. पैशांची एकही नोंद गहाळ नव्हती. लॉगच्या शेपटाकडच्या काही गेल्या होत्या, मध्ये खंड मात्र कुठेच नव्हता. स्वस्त एसएसडी वापरणाऱ्यांनी तर ही चाचणी जरूर करावी; काही डिस्क डेटा स्वतःच्या कॅशमध्ये असतानाच 'लिहिला' म्हणून सांगतात.

खरी चर्चा रंगली ती मालसाठ्याच्या नोंदींवर. त्या ऑर्डरवरून पुन्हा काढता येतात, मग वेग का सोडायचा, असं काहींचं म्हणणं. पण वीज जाण्याआधीच ग्राहकाला 'वस्तू राखून ठेवली' असं कळवलेलं असू शकतं. म्हणून तिथे सिंक्रोनस_कमिट चालूच ठेवलं.